दोन रेघा

"मारायचं नंतर. आधी ओळखायचं,"
रिम्मा काझिमीरोव्हना पहिल्याच दिवशी म्हणाली
आणि माझ्या तळहातावर काड्यापेटी ठेवली.
आत कापसावर झुरळ,
पाय पोटाशी घेऊन निजलेलं,
ओल्या बिस्किटाच्या रंगाचं, बोटाच्या पेराहून लहान.
"मानेवरची ढाल बघ. भिंग धर, श्वास नको सोडूस.
दोन काळ्या रेघा, शेजारी शेजारी, उभ्या.
दिसल्या? मग वाद मिटला.
हा प्रुसाक. प्रशियाचा रहिवासी.
कालिनिनग्राडात आता एवढाच उरलाय."

ती हसली नाही.
चाळीस वर्षं सांगितला की
विनोदाचं नुसतं टरफल उरतं.

तळघरांत दुसरं असतं.
काळं, तेल लावून पुसलेल्या तव्यासारखं,
गटाराच्या तोंडाशी, गारठ्यात, ओलीत.
मादीला पंख म्हणजे खांद्यांवर दोन ठिगळं.
बॅटरीचा झोत पडला तरी सावकाश निघतं,
घरमालकानं भाडेकरूकडे पाहावं
तसं आपल्याकडे पाहून.
लॅटिन नावात त्याला 'पूर्वेचं' म्हटलंय.
कुठे उभं राहिलं असता पूर्व,
ते नाव ठेवणाऱ्यानं सांगितलेलं नाही.

बंदरावरच्या बॉयलरघरात एकदाच पाहिलं ते तांबडं,
अंगठ्याएवढं, मानेभोवती पिवळट कड.
"अमेरिकन," मी म्हणालो, पाठांतराच्या जोरावर.
"आफ्रिकेतलं," रिम्मा म्हणाली. "जहाजांतून गेलेलं.
त्या जहाजांत आणखी कोण होतं, शाळेत शिकला असशील."

मग लिंडन गल्लीतलं जुनं जर्मन घर, तिसरा मजला.
ग्लाफिरा तिमोफेयेव्हनाच्या भिंतीवरच्या घड्याळातून
एक निघालं. मी भिंग न लावताच लिहिलं: प्रुसाक.
रिम्मानं माझ्या हातून पेन काढून घेतलं.
"रेघा कुठायत?"
नव्हत्या. पंखांवर फिकट पट्टे होते, आडवे.
हे कोरड्यातलं, उंचावरचं,
फर्निचरच्या उबेत राहणारं. वेगळंच कुळ.
मी खोडलं. "खाडाखोड दिसू दे," ती म्हणाली.

प्रुसाक स्वयंपाकघरात होते, सिंकमागे, ढिगानं.
एक मादी बाहेर आली, शेपटाशी अंड्यांची पेटी.
पिल्लं फुटायची वेळ येईतो ती खाली ठेवत नाही.
ग्लाफिरा खुर्चीतून वाकून बघत राहिली.
"आई अशीच आली," म्हणाली, "सेहेचाळीस साली,
ब्र्यान्स्कहून, मालगाडीत. मी पोटात.
दाराला कुलूप नव्हतं. चुलीच्या फरशांवर परकी अक्षरं.
आणि हे होतेच."

त्र्याण्णव साली एक बाई आली होती, हेडविग,
दुभाष्या घेऊन. तिचा जन्म इथल्या आतल्या खोलीतला.
चहा मांडला. साखरदाणीमागून एक धावलं.
ग्लाफिरा ओशाळून म्हणाली, "प्रुसाक हो. जातच नाहीत."
दुभाष्या अडखळला. सांगावं की नाही.
सांगितलं, तेव्हा हेडविगनं कप खाली ठेवला,
रुमाल तोंडाला लावला, खांदे हलायला लागले.
रडतेय, असंच वाटलं.
"आमच्या घरी," ती म्हणाली,
"यांना रशियन म्हणायचे."

एवढं सांगून ग्लाफिरानं सिंककडे हात केला:
"घाल औषध."

मी जेल घातलं. बिजागरीत, फटीत, थेंब थेंब.
अर्जात शेवटचा रकाना असतो: कुठून आले?
शेजारच्या फ्लॅटमधून, गटारातून, सामानातून,
यांपैकी एक लिहायचं.
पेन हातात, मी बराच वेळ उभा.
माझे आजोबा कझाकस्तानातून इथे आले.
तिथेही त्यांना कुणीतरी आणून सोडलं होतं.

रिम्मानं घड्याळाकडे पाहिलं, आडव्या पट्ट्यांच्या त्या घड्याळाकडे.
"सामानातून, असं लिही," म्हणाली,
"आणि चल, चौथा मजला राहिलाय."